अजून विंचूरलाच

आमच्या घरमालकांना कुत्री आवडत नसत. हे ते स्वतः सांगत, आणि सांगताना आमची तिन्ही कुत्री त्यांच्या पायाशी पसरलेली असत. एकाचं डोकं त्यांच्या चपलेवर, एकीची शेपूट त्यांच्या काठीवर आणि तिसऱ्याची पाठ खुर्चीला टेकलेली. "मी कुत्र्यांचा माणूस नाय, ताई," ते गच्चीवरून मला म्हणायचे. मी खाली अंगणात जेवणाची भांडी घेऊन हाका मारत असायचे, आणि कठड्याच्या जाळीतून तीन तोंडं माझ्याकडे बघत असायची. यायची घाई कुणालाच नसायची.

म्हणून आधीच सांगून टाकते, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. नवरा दुसऱ्या बाईकडे बघत राहिला असता तरी माझा इतका जळफळाट झाला नसता, असं मी एकदा नवऱ्यालाच म्हटलं. त्यावर त्याने "मग बघून बघू का?" असं विचारलं आणि विषय तिथे संपला.

माझी तक्रार खोटी नव्हती. बंड्या, म्हणजे आमचा थोरला, डोळेही न उघडलेला असताना मी शिकवते त्या शाळेच्या भिंतीशी मला सापडला होता. त्याला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. रात्री छातीशी धरून झोपले. मग जिलेबी आली, तिचं नाव तिच्या शेपटीवरून पडलं. मग नवऱ्याच्या कारखान्यातल्या एकाची बदली झाली म्हणून ढोकळा आला, पिवळाधमक आणि दिवसभर खायला तयार. या तिघांच्या अंघोळी माझ्याकडे, गोचिडी माझ्याकडे, लसी माझ्याकडे. आमच्याकडे पाहुण्यांना चहा देताना मी आधी कपात केस आहे का ते बघते. लेकीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ढोकळ्याने पेढ्यांचा खोका खोक्यासकट खाल्ला, तेव्हा निकाल बाजूला ठेवून त्याला दवाखान्यात नेणारी मीच होते. आणि हे सगळं करून माझ्या वाट्याला काय, तर मी दार उघडल्यावर तिघं मला ओलांडून जिन्याकडे पळायची.

जिन्याची तर अटच होती. इंदिरानगरमध्ये भाड्याचं घर शोधताना कुत्री म्हटलं की लोक दारातूनच हात जोडायचे. या काकांनी एवढंच विचारलं, "जिना चढतात का?"

"चढू देणार नाही," मी म्हटलं.

"मग हरकत नाय. त्यांनी माझ्या जिन्याला पाय लावायचा नाय, मी त्यांच्या अंगाला हात लावणार नाय."

आठवडाभरात तिघं वर होती. मी ओशाळून माफी मागायला गेले तर काका म्हणाले, "मी बोलावलं नाय. आपापल्या जबाबदारीवर आलीत." त्यांनी मात्र स्वतःची अर्धी अट शेवटपर्यंत पाळली. कधी कुणाला कुरवाळलं नाही, कधी कान खाजवले नाहीत. मला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच. मी रात्रंदिवस लाड करून जे मिळवू शकले नव्हते ते या माणसाने हात मागे बांधून मिळवलं होतं.

काका मूळचे इगतपुरीचे. तिथल्या पावसाने आयुष्यभर त्यांच्या चपला, उशा, मीठ, काडेपेट्या सगळं ओलं केलेलं. त्याचा सूड ते निवृत्त झाल्यावर नाशिकच्या उन्हात उगवत होते. रोज सकाळी घरातलं काही ना काही गच्चीवर वाळत पडायचं. गाद्या आणि छत्री समजू शकते, पण हा माणूस टीव्हीचा रिमोट उन्हात ठेवायचा. आमच्याकडे धो धो पाऊस लागला, अंगणात पाणी साचलं, तरी वरून म्हणायचे, "हे काय, शिंतोडे हायेत." मोबाईल दमट होईल या भीतीने तो तांदळाच्या डब्यात असायचा. त्यांना फोन केला की वरच्या मजल्यावरून तांदूळ वाजल्यासारखा आवाज यायचा, आणि ते गच्चीवर असले तर तोही त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही. या वाळवणात रिमोट आणि उशी यांच्या मधे आमची तिघं आडवी असायची, जणू तीही दमट झाली होती.

मला खात्री होती की ते लपवून काहीतरी खाऊ घालतात. मी बंड्याचं तोंड हुंगायचे. जिलेबीच्या मिशांना तूप लागलंय का बघायचे. एका सुट्टीच्या दिवशी तर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने वर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. काका भडंग खात होते. तिघं समोर बसून बघत होती. काका म्हणाले, "हे माझं हाय. तुमचं खाली हाय." आणि ढोकळा, जो माझ्या ताटातली पोळी माझ्या डोळ्यांदेखत उचलतो तो ढोकळा, मान वळवून दुसरीकडे बघायला लागला.

मग मला राहवलं नाही. टाकीमागून बाहेर येऊनच विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्ही यांना काय देता?"

मी टाकीमागे काय करत होते हे त्यांनी विचारलं नाही. भडंग चावून झाल्यावर म्हणाले, "खबर देतो."

"म्हणजे?"

"नोकरी कुठं केली मी? इगतपुरी स्टेशनात, चौकशीच्या खिडकीत. लय शिव्या खाल्ल्या. पण एक कळलं. गाडी उशिरा आली म्हणून माणूस चिडत नाय, कुणी काय सांगितलं नाय म्हणून चिडतो. मी दुधाला निघालो तर यांना सांगून निघतो. दूध आणतो, लगेच येतो. दवाखान्यात चाललो, दुपार होईल. मग ती निवांत पडतात. तुम्ही काय करता?"

आम्ही काय करतो ते मला माहीत होतं. बाहेर निघालं की तिघं रडारड करतात, म्हणून आम्ही मागच्या दाराने सटकायचो. नवरा पुढच्या खोलीत टीव्ही लावून ठेवायचा, लेक त्यांना बिस्किटं टाकायची आणि आम्ही चपला हातात घेऊन विहिणबाईंना चुकवावं तसे कुंपणापर्यंत अनवाणी जायचो.

"मी वरून बघतो ना," काका म्हणाले. "ताईंच्या हातात चपला. मग ही बिचारी दिवसभर दाराला नाक लावून बसतात. कुठं गेली, येते का नाय, काय खबर नाय."

त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्यासमोर उकिडवी बसून स्पष्ट सांगितलं, "मी शाळेत जातेय. दुपारी येणार." पुढच्या दाराने गेले. बंड्या रडला नाही. मला रिक्षात गाणं गुणगुणावंसं वाटत होतं. आणि नेमकी त्याच दिवशी शाळेत बैठक निघाली, मग चहा निघाला, मग कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो निघाले. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बंड्या फाटकात बसलेला. उठला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिना चढून गेला. वरून काकांचा आवाज आला, "आज तुमची गाडी लेट. कळवलं बी नाय."

मी पुन्हा मागच्या दारावर आले. सांगून वेळ पाळणं आमच्या संसारात बसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे नवरा "पाच मिनिटांत आलो" म्हणतो तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत नाही. काकांचं तसं नव्हतं. त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न इगतपुरीला होतं. निघताना बंड्याला सांगून गेले, "दिवेलागणीच्या आत येतो." तिकडे मुहूर्त लांबला, पंगती लांबल्या. काका अक्षता टाकून, न जेवता, मिळेल त्या गाडीने परत. अख्खं घराणं रुसलं. वहिनीने फोनवरून त्यांचा उद्धार केला तो मला खालपर्यंत ऐकू आला, कारण फोन तेव्हा स्पीकर लावून उन्हात वाळत होता आणि काका लांबून बोलत होते. "अगं, सांगून आलो होतो," ते म्हणत होते. कुणाला सांगून आलो होतो ते मात्र त्यांनी वहिनीला सांगितलं नाही. तेवढी लाज त्यांना होती.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पोळीभाजी मागितली. मी ताट वर नेलं. बंड्या त्यांच्या पायाशी गाढ झोपला होता, पाय हवेत, पोट उघडं. माझ्या घरात तो कधी तसा झोपायचा नाही. माझ्या घरात त्याचा एक कान नेहमी दाराकडे असायचा. ताट ठेवून मी खाली आले आणि भांडी जरा जास्तच आपटून घासली.

पुढे आमचं स्वतःचं घर झालं, पाथर्डी फाट्याजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत. सगळे म्हणाले, अभिनंदन. मी मनात म्हटलं, आता बघू. तिथे गच्ची कुलूपबंद असते आणि वर कोणी काका राहत नाहीत.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी काका सकाळीच विंचूरला निघाले. बहिणीकडून उन्हाळ कांदे आणायची त्यांची पद्धत होती. जाताना अंगणात थांबून तिघांना सांगितलं, "विंचूरला जातो. कांदे आणतो. संध्याकाळी येतो." मला म्हणाले, "उद्या हायच मी टेम्पो भरायला." ते गेले आणि थोड्या वेळाने टेम्पोवाल्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, उद्या जमत नाही, दुसरं भाडं लागलंय. गाडी आज मोकळी आहे, आजच उरकून घ्या." आज नाही तर मग पुढचा आठवडा, आणि नव्या घरात गॅसवाला येऊन बसलेला. मी काकांना फोन लावला. वरच्या बंद घरात तांदूळ वाजले.

दुपारपर्यंत आम्ही निघालो. शेजाऱ्यांकडे किल्ली आणि निरोप ठेवला. जिलेबी आणि ढोकळा गाडीत उड्या मारून बसले. बंड्याला नवऱ्याने उचलून आणावं लागलं, तो फाटकाच्या गजाला अंग लावून बसला होता. संध्याकाळी काकांचा फोन आला. गॅस जोडला का, पाण्याचा दाब बरा आहे का, हे विचारलं. कुत्र्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

नव्या घरात जिलेबीने बाल्कनी घेतली, ढोकळ्याने सोफा घेतला. बंड्याने लिफ्टसमोरची फरशी घेतली. तिथे तोंड लिफ्टकडे करून बसला आणि त्याने जेवण सोडलं. मी दहीभात कालवला. अंडं उकडलं. कलेजी आणली, जिच्या वासाने ढोकळा वेडा होऊन भिंतीवर चढायचा बाकी राहिला. बंड्या वास घ्यायचा, माझा मान ठेवल्यासारखं बोट चाटायचा आणि पुन्हा लिफ्टकडे बघायचा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, शरीरात काही नाही. सलाईन लावलं. दुसऱ्यांदा लावताना म्हणाले, "वय झालंय त्याचं. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही."

लेक म्हणाली, "आई, काकांना फोन कर."

"कशाला? ते काय डॉक्टर आहेत?"

"आई."

"त्याला दूध मी पाजलंय," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला. "त्याला जगवायला मला त्या माणसाच्या दारात जावं लागावं का?"

लेकीने लिफ्टसमोर बोट दाखवलं. बंड्याच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि फोन लावला. नशिबाने तांदळाच्या डब्याजवळ कुणीतरी होतं.

"काका, बंड्या जेवत नाही."

"बसतो कुठं?"

"लिफ्टसमोर."

"तोंड कुणीकडं?"

"लिफ्टकडेच. सारखं."

"मग बराबर हाय," काका म्हणाले. "ताई, मी त्याला संध्याकाळी येतो म्हणून सांगून गेलो होतो. मी आलो, तवा तुम्ही गेलेले. त्याच्या हिशेबात मी अजून विंचूरलाच हाय."

त्याच दुपारी ते आले. लिफ्ट उघडली तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात कांद्यांची पिशवी. मी म्हटलं, "काका, कांदे कशाला?" तर म्हणाले, "विंचूरहून रिकाम्या हातानं कसा येईन?"

बंड्याने उडी मारली नाही. भुंकलाही नाही. उभा राहिला आणि त्याचं सगळं अंग कापायला लागलं. घशातून एक आवाज निघाला, तो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि त्याला कांदे हुंगू दिले.

"आलो," ते त्याला म्हणाले. "गाडी लय लेट झाली. तुझी चूक नाय."

बंड्या त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. काकांचे दोन्ही हात काठीवरच होते. मी दारात उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या खाली तो दुसरा जाळ होताच, नेहमीचा. माझ्यासाठी हा कधी असा कापला नव्हता.

काकांनी पाणी प्यायलं, घर बघितलं, ओल धरेल अशी भिंत मला दाखवली. मग परत लिफ्टपाशी आले आणि बंड्याच्या समोर काठी टेकवून उभे राहिले.

"आता नीट ऐक. मी जातो. माझ्या घरी जातो. इथं येणार नाय. ही ताई देईल ते खायचं."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काका, जातो काय म्हणता? येतो म्हणा." आपल्याकडे घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही. कायमचा परदेशी निघालेला माणूसही उंबऱ्यावर येतो म्हणूनच निघतो. माझ्या आजीसमोर कुणी जातो म्हटलं तर ती त्याला परत आत बोलावून बसवायची.

"तुम्हाला म्हटलं असतं," काका म्हणाले. "तुम्हाला ठावं असतं की ते नुसतं म्हणायचं असतं. ह्याला ठावं नाय. येतो म्हटलं की हा बसला हितं वाट बघत."

"मग या ना. खरंच या. दर रविवारी या, मी जेवायला करते." हे मी मनापासून म्हणत होते, याचं माझं मलाच नवल वाटलं.

"माझं वय बघा, ताई. एखाद्या रविवारी नाय जमलं तर? तवा मी कुठं गेलो ते ह्याला कोण सांगणार?"

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. आत जाऊन तोंड आमच्याकडे करून उभे राहिले आणि दार बंद होताना पुन्हा एकदा म्हणाले, "जातो."

बंड्या बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिला. मग उठला आणि घरात आला. मी दहीभाताचं भांडं पुढे केलं तर ते त्याने हुंगलं आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी हातानेच भरवलं. सगळा खाल्ला. लेक रडत होती, नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बंड्या माझ्या घरात, माझ्या हातून जेवत होता. फक्त त्याला तसं सांगितलं होतं म्हणून जेवत होता, आणि सांगणारी मी नव्हते.

काका त्यांच्या शब्दाचे पक्के. वास्तुशांतीला आले नाहीत, दिवाळीला आले नाहीत. फोन केला की भिंतीची ओल विचारायचे. बंड्या हळूहळू भरला. बाल्कनीतली एक जागा त्याने जिलेबीकडून काढून घेतली. लिफ्टकडे तोंड करून तो पुन्हा बसला नाही.

गेल्या थंडीत मी जुन्या शिंप्याकडे ब्लाऊज टाकायला इंदिरानगरला गेले होते. भाजीच्या गाडीपाशी काका दिसले. कानटोपी, स्वेटर, आणि हातात कापडी पिशवी. वाळले होते. खालच्या घरात आता मासे पाळणारं कुटुंब आलंय म्हणाले. "काचेची पेटी हाय. माशांना काय सांगणार?" बंड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. पण बोलता बोलता माझ्या कुर्त्याच्या बाहीकडे बघून म्हणाले, "हा पिवळा ढोकळ्याचा. हा पांढरा बंड्याचा." मी बाही झटकली नाही.

त्यांना पिशवी पेलत नव्हती. मी हात पुढे केला तर नको नको म्हणाले, मग दिली. घामाने आणि वापराने तिचे बंद मऊ झालेले. फाटकापर्यंत मी ती उचलून नेली. त्यांनी ती परत घेतली आणि मला म्हणाले, "या आता, ताई."

घरी पोचले. दार उघडताच ढोकळा आणि जिलेबी अंगावर आली. बंड्या मागून आला, सवयीने माझा हात हुंगला आणि थांबला. परत हुंगला. मग बोटांच्या मधून, तळव्यावरून, मनगटापर्यंत, सावकाश. मी चपला न काढता सोफ्यावर बसले. त्याने माझ्या तळहातात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि तसाच राहिला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आला. घर माझं, कुत्रा माझा, हात माझा. मोरी चार पावलांवर होती, एकदा साबण लावला असता तर हे संपलं असतं. मी उठायला म्हणून पाय सरकवला. त्याच्या शेपटीचं टोक फरशीवर हललं, इतकंच. मी पाय मागे घेतला.

अंधार पडला तसा नवरा आतून विचारायला लागला, "अगं, आज जेवायचं काय?"

"कुकर तू लाव," मी म्हटलं. "माझा हात गुंतलाय."